शालेय ग्रंथपालाचे वाचन आणि व्यावसायिक सहवास

शालेय ग्रंथपालाचे वाचन ही त्याची वैयक्तिक आवड आणि समव्यावसायिकांशी असलेला त्याचा संपर्क हा संघटनेच्या कामकाजाचा भाग, अशी विभागणी सर्वत्र रूढ आहे. परंतु या व्यवसायाचे स्वरूप बारकाईने पाहिले, तर एका ग्रंथपालाचे वाचन स्वभावतःच अपुरे पडते आणि त्या अपुरेपणातूनच व्यावसायिक सहवासाची गरज निर्माण होते, असे दिसून येते.

शियाळी रामामृत रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांपैकी दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याच्यासाठीचा ग्रंथ मिळावा अशी अपेक्षा ठेवते, तर तिसरे प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे सुचवते. या दोहोंची गाठ घालून देण्याच्या कामाला वाचक-मार्गदर्शन म्हणतात, म्हणजे वाचकाची आवड, वय आणि वाचनाची क्षमता ओळखून त्याला पुस्तक सुचवणे. तालिकेवरून, म्हणजे संग्रहातील ग्रंथांच्या पद्धतशीर सूचीवरून, पुस्तकाचे नाव, लेखक, विषय आणि कपाटातील जागा कळते. मात्र चौथीतील मूल कोणत्या पानावर अडखळेल, किंवा वडील गमावलेल्या मुलीच्या हाती कोणती कादंबरी आज देऊ नये, हे ते पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलेल्या माणसालाच सांगता येते. म्हणून बालसाहित्याचे वाचन हा ग्रंथपालाचा फावल्या वेळेचा विरंगुळा नसून त्याच्या विद्याशाखेचा अभ्यास आहे, आणि शाळेच्या वेळापत्रकात त्यासाठी तास राखून ठेवणे सर्वस्वी योग्य ठरते.

उदाहरणार्थ, बहुभाषक सोलापूर शहरात या अभ्यासाची व्याप्ती एका भाषेत मावत नाही. कापडगिरण्या आणि मागांच्या उद्योगामुळे या शहरात तेलुगुभाषक विणकर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर भागांत कन्नड घराघरांत बोलली जाते, उर्दूभाषक वस्तीही मोठी आहे, आणि महानगरपालिकेच्या शाळा मराठीबरोबरच या तिन्ही माध्यमांतही चालत आल्या आहेत. परिणामी शहराच्या पूर्व भागातील मराठी शाळेत शिकणारे मूल घरी तेलुगूत गोष्ट ऐकते, आणि केवळ मराठी वाचणाऱ्या ग्रंथपालाला त्या गोष्टीचा पत्ता नसतो. 1947 साली मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेले ‘चंदामामा’ मासिक पुढे कन्नडमध्ये निघाले आणि मराठीत ‘चांदोबा’ या नावाने घरोघरी पोहोचले; म्हणजे या शहरातील शेजाऱ्यांचे बालवाचन काही काळ एकाच झऱ्यातून येत होते. आज 2015 साली सुरू झालेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या खुल्या डिजिटल संग्रहात एकच चित्रकथा अनेक भारतीय भाषांत सापडते. तिच्या दोन भाषांतील आवृत्त्या शेजारी ठेवून तेलुगू माध्यमाच्या शाळेतील सहकाऱ्याशी चर्चा करणे, हा मराठी ग्रंथपालासाठी वाचनाचाच एक प्रकार होय.

अशा चर्चेची निकड आणखी एका कारणाने वाढते. गणिताच्या शिक्षकाला त्याच विषयाचे सहकारी शिक्षक-कक्षातच भेटतात. ग्रंथपाल मात्र बहुधा शाळेत एकटाच असतो, आणि असंख्य लहान शाळांत तर ते पदच नसते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेसाठी वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके आणि गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय आवश्यक मानले आहे, परंतु ते चालवणाऱ्या ग्रंथपालाचा उल्लेख तिथे नाही. ही उणीव गंभीर आहे, कारण कपाटाची किल्ली एखाद्या वर्गशिक्षकाकडे सोपवली की पुस्तके सुरक्षित राहतात आणि वाचक दुरावतात. शालेय ग्रंथपालांची आंतरराष्ट्रीय संघटना 1971 पासून कार्यरत असली, तरी सोलापूरच्या ग्रंथपालाला दररोज उपयोगी पडेल तो शहरातील आणि तालुक्यांतील सहवासच.

त्या सहवासाचे चलन म्हणजे वाचननोंद: पुस्तकाचा सारांश नव्हे, तर ते कोणत्या इयत्तेच्या मुलाने मागितले, कुठे सोडून दिले, कोणत्या शब्दाचा अर्थ विचारला आणि त्यानंतर काय वाचायला नेले, याची चार-पाच ओळींची टिपणी. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या सार्वजनिक संस्थेत चारही माध्यमांच्या ग्रंथपालांनी आणि ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून अशा नोंदी मोठ्याने वाचल्या, तर पुढच्या वर्षाच्या खरेदीची यादी प्रकाशकांच्या सूचीपत्राऐवजी मुलांच्या मागणीवरून तयार होऊ शकेल.