पाहुण्या संगणकातली जुनी मराठी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



कपाट आवरताना वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची एखादी सीडी हाती लागते. वर मार्करनं लिहिलेलं असतं, 'स्मरणिका', 'बाबांचे लेख' किंवा नुसतंच 'मराठी मॅटर'. मोठ्या उत्सुकतेनं आपण ती संगणकात घालतो. पहिल्यांदा फाइल उघडतच नाही. उघडलीच, तर समोर मराठीचा मागमूस नसतो. रोमन अक्षरं, कंस, डॉलरची खूण, डोक्यावर टिंबं असलेली कुठल्या तरी परदेशी वळणाची अक्षरं, असा सगळा गोंधळ. फाइल खराब झाली, असं म्हणून आपण सीडी पुन्हा कपाटात ठेवतो, नाही तर सरळ कचऱ्यात टाकतो.

बऱ्याच वेळा ती फाइल ठणठणीत असते. तिची भाषा समजणारा संगणक तेवढा आपल्याकडे उरलेला नसतो. तो संगणक एक पैसाही खर्च न करता आपल्याच टेबलावर पुन्हा कसा उभा करता येतो, आणि ते करताना काय काय अनुभव येतात, हे आज सांगायचं आहे.

चांदणी चौकातून पौड रस्त्यानं मुळशीकडे निघालात, की बावधननंतर आमचं भूगाव लागतं. तिथं आमचं अक्षरजुळणीचं आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, सोसायट्यांच्या नोटिसा अशी कामं येतात. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या कामाची भर पडली आहे. लोक जुन्या सीडी आणि जुन्या हार्डडिस्क घेऊन येतात आणि म्हणतात, "ताई, हे वाचता येतंय का बघा."

हे वाचता का येत नाही, ते आधी पाहू. १९९०च्या दशकात छापखान्यांतून आणि डीटीपीच्या दुकानांतून मराठीची अक्षरजुळणी संगणकावर सुरू झाली. तेव्हाच्या संगणकाला देवनागरी ठाऊक नव्हती. मग युक्ती अशी केली गेली, की रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरी आकार बसवायचे. संगणक समजायचा, आपण इंग्रजी अक्षर साठवलं. फाँट मात्र त्या जागी 'क' किंवा काना काढून दाखवायचा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती अशी अनेक पॅकेजेस होती आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी होती. फाँट गेला की मराठीही गेली. देवनागरी १९९१ सालच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच आली होती, पण छपाईच्या धंद्यात राज्य होतं ते पेजमेकरचं. त्याला युनिकोड समजतच नव्हतं. आज पेजमेकर बंद झाला आहे. त्याच कंपनीच्या इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्याही त्याच्या फाइली उघडत नाहीत. ज्यावर हे सगळं चालायचं त्या विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. आणि ते जुने संगणक? त्यांतले बहुतेक भंगारात गेले.

इथं आपल्या मदतीला येतं ते आभासी संगणक तयार करणारं सॉफ्टवेअर. नाव जड असलं, तरी कल्पना घरगुती आहे. आपला नेहमीचा संगणक हा यजमान. त्याच्या एका खिडकीत दुसरा संगणक चालतो, तो पाहुणा. यजमान आपल्या मेमरीतला थोडा भाग आणि हार्डडिस्कवरची थोडी जागा पाहुण्याला देतो. पाहुण्याला वाटतं, आपण स्वतंत्र यंत्रावर आहोत. बाहेर विंडोज ११ चालू असताना आत निवांत एक्सपी चालतं. पाहुण्याची अख्खी हार्डडिस्क ही यजमानाच्या दृष्टीनं एक मोठी फाइल असते.

ही विद्या जुनी आहे. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर १९६०च्या दशकातच ती होती. साध्या पीसीवर ती रुळली ती १९९९ साली व्हीएमवेअर वर्कस्टेशन आल्यावर. पण ते विकत घ्यावं लागे. २००५ मध्ये व्हीएमवेअरनं प्लेअर नावाची फुकट आवृत्ती दिली, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं व्हर्च्युअल पीसी मोफत केलं, आणि जानेवारी २००७ मध्ये इनोटेक या जर्मन कंपनीनं व्हर्च्युअलबॉक्स मुक्तस्रोत म्हणून खुलं केलं. आमच्या दुकानात आज हेच व्हर्च्युअलबॉक्स वापरतो.

आता एक काम सांगते. जवळच्याच गावातले एक निवृत्त शिक्षक एक सीडी घेऊन आले. २००० साली त्यांनी आसपासच्या गावांतल्या शेतांची, पाणवठ्यांची आणि पायवाटांची नावं म्हाताऱ्या माणसांकडून विचारून लिहून काढली होती आणि त्याची चौसष्ट पानांची पुस्तिका जुळवून घेतली होती. ती छापायची राहून गेली. कागदावरच्या प्रतीला वाळवी लागली. दरम्यान भूगाव, भुकूम, पिरंगुट हा सगळा पट्टाच बदलला. जिथं भाताची खाचरं होती तिथं इमारती आल्या आणि त्यांना इमारतींचीच नावं पडली. ज्यांनी ती जुनी नावं सांगितली, त्यांच्यातलं आता कुणी उरलेलं नव्हतं. सारा ठेवा त्या एका पेजमेकरच्या फाइलीत होता.

आम्ही व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक पाहुणा संगणक तयार केला. आमच्याकडे पूर्वी विकत घेतलेली एक्सपीची सीडी होती, पेजमेकरची होती आणि फाँटही होते. एक्सपीला ५१२ एमबी मेमरी दिली. आजच्या मानानं हे काहीच नाही, पण त्या काळच्या सॉफ्टवेअरला पोटभर होतं. इंटरनेटची जोडणी पाहुण्याला मुद्दामच दिली नाही, कारण आधार संपलेलं एक्सपी जाळ्यावर सोडणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. यजमान आणि पाहुणा यांच्यात एक सामायिक फोल्डर ठेवला आणि फाइल त्यातून आत पाठवली. पेजमेकरनं ती उघडली आणि पहिल्या पानावर स्वच्छ मराठीत गावाचं नाव दिसलं. गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दुकानात झेरॉक्ससाठी थांबलेली माणसंही ऐकत उभी राहिली.

असं सगळं सुरळीत प्रत्येक वेळी होतं असं मात्र नाही. नव्यानं हे करून पाहणाऱ्यांना नेहमी भेटणाऱ्या काही अडचणी सांगून ठेवते.

पहिली अडचण प्रोसेसरची. आभासीकरणाची सोय प्रोसेसरमध्येच असते, पण पुष्कळ संगणकांत ती बायोसमधून बंद ठेवलेली असते. ती सुरू करावी लागते. २०१९च्या अखेरीस आलेल्या ६.१ या आवृत्तीपासून तर त्या सोयीशिवाय व्हर्च्युअलबॉक्स चालतच नाही. दुसरी अडचण कासवाची. विंडोजचं स्वतःचं आभासीकरण आधीच चालू असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसतं. ते दिसलं की समजायचं, पाहुणा आता रांगत चालणार. आजच्या विंडोजमधल्या काही सुरक्षा सोयीच त्या आभासीकरणावर उभ्या असतात, म्हणून ते बंद करण्यापूर्वी जाणकाराला विचारावं.

तिसरी अडचण मेमरीची. चार जीबीच्या संगणकावर आज यजमानाचंच कसंबसं भागतं. त्यात पाहुण्याला वाटा दिला की दोघंही अर्धपोटी राहतात. आठ जीबी असेल, तर एक्सपीसारखा पाहुणा सुखानं राहतो. आमच्या इकडच्या सोसायट्यांमधली अभियांत्रिकीची मुलं प्रात्यक्षिकांसाठी याच पद्धतीनं घरच्या विंडोजमध्ये लिनक्स चालवतात. त्यांना मेमरी अधिक लागते. पण आत काहीही बिघडलं, तरी वडिलांचा संगणक शाबूत राहतो, त्यामुळे फॉरमॅट मारायची वेळ येत नाही.

चौथी अडचण विजेची. पाहुणा चालू असताना वीज गेली आणि यूपीएस नसेल, तर त्याच्या त्या एकुलत्या मोठ्या फाइलीला इजा होऊ शकते. काम सुरू करण्यापूर्वी पाहुणा रीतसर बंद करून ती फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावी. स्नॅपशॉटची सोय चांगली आहे, तिनं बिघडलेलं काम मागे नेता येतं. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला.

काही गोष्टी या मार्गानं होतच नाहीत. विंडोज ९८ आत बसतं, पण व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्याच्यासाठी पूरक ड्रायव्हर नाहीत, त्यामुळे पडदा लहान आणि रंग मोजके. काही जुन्या मराठी पॅकेजेसना संगणकाच्या मागे लावायचं लॉक असे. यूएसबीचं लॉक पाहुण्याच्या हवाली करता येतं. प्रिंटरच्या पोर्टला लावायचं लॉक असेल, तर कठीण, कारण आजच्या संगणकाला ते पोर्टच नसतं. डॉसच्या काळात पडद्यावर मराठी दाखवणारं सी-डॅकचं जिस्ट कार्ड हे तर प्रत्यक्ष संगणकाच्या आत खोचायचं कार्ड होतं. पाहुण्याच्या पोटात ते कुठं खोचणार? आणि ॲपलच्या २०२० नंतरच्या संगणकांत प्रोसेसरची जातच वेगळी आहे. तिथं जुनं विंडोज चालवायचं तर प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते संथ असतं.

आता 'फुकट' या शब्दाकडे वळू. फुकट ते पौष्टिक असं आपण गमतीनं म्हणतो, पण इथं नीट पाहावं. पेटी फुकट असली, तरी आत ठेवायची वस्तू फुकट होत नाही. एक्सपी, पेजमेकर, फाँट यांचे परवाने आपले आपल्याकडे हवेत. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग खरोखरच मुक्त आहे, पण त्याच्यासोबत मिळणाऱ्या एक्स्टेन्शन पॅकचा परवाना निराळा आहे. घरगुती वापराला तो मोफत, धंद्यासाठी मात्र नियम वेगळे. दुकानात बसवण्यापूर्वी तो वाचलेला बरा. शिवाय मालक बदलत राहतात. इनोटेक २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं घेतली, सन २०१० मध्ये ओरॅकलनं घेतली. व्हीएमवेअर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमकडे गेली आणि तिथं उलटच झालं. पूर्वी विकत मिळणारं वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये सगळ्यांसाठी मोफत झालं. ग्राहकाला आनंदच झाला. पण आज मोफत करणारा मालक उद्या विचार बदलू शकतो, हेही त्यातून दिसतं.

म्हणून माझं सांगणं असं, की या पाहुण्या संगणकाला धर्मशाळा समजावं. तिथं रात्र काढावी आणि सकाळी पुढच्या मुक्कामाला निघावं. आपल्या मजकुराचा मुक्काम आहे युनिकोड.

गुरुजींच्या पुस्तिकेचं आम्ही तसंच केलं. आधी पानांची जशीच्या तशी पीडीएफ काढली. मग मजकूर बाहेर काढून रूपांतरकातून युनिकोडमध्ये नेला. हे काम किचकट असतं. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं याच्या उलट. रूपांतरक इथंच अडखळतात आणि 'मिरची'ची वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. त्यामुळे शेवटी माणसानंच ओळीवर बोट ठेवून वाचावं लागतं. चौसष्ट पानांना आम्हाला आणि गुरुजींना मिळून तीन आठवडे लागले. शेताचं नाव चुकलं, तर ते दुरुस्त करायला दुसरं कोणी नव्हतं.

मुळशी तालुक्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं मोठं काम १९८०च्या दशकात याच तालुक्यातून सुरू केलं. पुढे ते महाराष्ट्रभर पसरलं आणि संग्रह एक लाख ओव्यांच्या पुढे गेला. २०१७ पासून त्या ओव्या 'पारी' या संकेतस्थळावर देवनागरीत येत आहेत, आणि कुणीही मोबाइलवर त्या वाचू शकतं. एवढी मेहनत एखाद्या फाँटमध्ये अडकून राहिली असती, तर गाणाऱ्या बायांच्या नातवंडांना त्या कधीच सापडल्या नसत्या.

तुमच्या घरातही असं काही असेल. वडिलांनी लिहिलेलं गावाचं वर्णन, भजनी मंडळाची स्मरणिका, शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक. सीडीचं आयुष्य काही अमर नाही, आणि फाँट ओळखणारी माणसंही आता थोडीच उरली आहेत. येत्या सुट्टीत ती सीडी काढा. आधी तिची प्रत हार्डडिस्कवर घ्या. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीला पाहुणा संगणक उभा करायला सांगा, आणि अक्षरं दिसू लागली की वाचायला शेजारी घरातलं म्हातारं माणूस बसवा. एकाला यंत्र कळतं, दुसऱ्याला मजकूर. या कामाला दोघंही लागतात.