शोपँची शिकवणी



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या मराठी ग्रंथालयात पियानोच्या शिकवणीविषयी बोलायचे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. मी मराठीचा अध्यापक. संगीतातला माझा अधिकार शून्य. परंतु गोव्यात ज्याचे बालपण गेले, त्याच्या कानांवर एका बाजूने देवळातले भजन आणि दुसऱ्या बाजूने शेजारच्या बल्कांवातून झिरपणारा पियानो, असे दोन्ही पडतच असते. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फेजो आणि व्हायोलिन शिकवले जाई. पियानो मात्र ऐपतदार घरांत. आमच्या शेजारी एक बाई पियानो शिकवीत. सारा वाडा त्यांना ‘टीचर’ म्हणे. मी दहा वर्षांचा असताना दीड वर्ष त्यांच्याकडे जात होतो. फी महिना वीस रुपये. त्याविषयी शेवटी सांगेन.

शिकवणीवर संसार चालविणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव फ्रेदेरिक शोपँचे. १८३१ च्या शरद ऋतूत हा पोलिश तरुण पॅरिसला आला आणि पुढे आयुष्यभर मुख्यत्वे शिकवण्या करून जगला. जाहीर मैफली त्याने जन्मात तीसच्या आसपास केल्या असतील. गर्दीपुढे बसणे त्याला सोसत नसे. प्रकाशकांकडून पैसे मिळत, पण खर्च भागे तो शिकवण्यांवर. एका धड्याचे वीस फ्रँक. शिष्येच्या घरी जावे लागले तर तीस. त्या काळी पॅरिसच्या मजुराची दिवसाची कमाई तीन-चार फ्रँकांच्या घरात होती, म्हणजे हा गुरू स्वस्त नव्हता. पण खानदानी घरांतून वावरायचे तर भाड्याची गाडी हवी, नोकर हवा, पांढरे हातमोजे हवेत. दिवसाला पाच-पाच धडे देऊनही हाती फारसे उरत नाही, अशी तक्रार त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रात केली आहे.

फी हातात घेण्याची रीत नव्हती. धडा संपला की शिष्या शेकोटीवरच्या फळीवर नाणी ठेवी. गुरुजी तेवढ्यात खिडकीबाहेर पाहत असत. आपल्याकडे ताम्हनात दक्षिणा ठेवताना भटजींची नजर पंचांगात गुंतते, त्याचीच ही फ्रेंच आवृत्ती.

त्याच्या खोलीत दोन वाद्ये असत. मोठा प्लेयेल पियानो शिष्येला, लहान उभा स्वतःला. बव्हंशी जण मुलांना प्रथम सर्व पांढऱ्या पट्ट्यांचे सप्तक देतात, कारण ते वाचायला सोपे. शोपँने हे उलटे केले. त्याचे म्हणणे, डोळ्यांना सोपे ते हाताला सोपे नसते. अंगठा व करंगळी आखूड, मधली तीन बोटे लांब. म्हणून मधली तीन काळ्या पट्ट्यांवर आणि कडेची दोन पांढऱ्यांवर ठेवली की पंजा आपोआप सैल, नैसर्गिक बसतो. काळ्या पट्ट्यांनी भरलेले सप्तक त्याच्याकडे आधी आणि निव्वळ पांढरे सर्वांत शेवटी. सगळी बोटे सारख्या बळाची करण्याचा अट्टहासही त्याला मान्य नव्हता. प्रत्येक बोटाचा गळा वेगळा, तो वेगळाच राहू द्यावा. मला व्याकरण शिकविताना हे फार आठवते. आम्हीही नियमाच्या सोईसाठी मुलांच्या जिभा पिरगाळतो.

तीन तासांहून अधिक रियाज त्याला खपत नसे. उत्तम गवई ऐका, स्वतः गायला शिका, असे तो शिष्यांना सांगे. आपल्या बीनकार-सतारियांच्या घराण्यांत ‘आधी गळा, मग हात’ हा आग्रह असतोच. पियानोच्या पट्टीवर मींड निघत नाही, तरी ती निघाल्याचा भास व्हावा, एवढी त्याची अपेक्षा.

हे आपल्याला कळले ते शिष्यांमुळे. पद्धतीवरचे पुस्तक त्याने लिहावयास घेतले, पण ती टिपणे अपुरीच राहिली. आठवणी, पत्रे आणि छापील प्रतींवर त्याने पेन्सिलीने घातलेल्या खुणा एकत्र करून जाँ-जाक आयगेल्डिंगर या अभ्यासकाने १९७० साली ग्रंथ सिद्ध केला. शिष्यांत धंदेवाईक वादक थोडे. कार्ल फिल्च नावाचा विलक्षण मुलगा होता, तो १८४५ मध्ये पंधरावे वर्ष पुरे होण्याआधीच गेला. बाकी बव्हंशी सरदार घराण्यांतल्या स्त्रिया. इतिहासकार त्यांना ‘हौशी’ म्हणून बाजूस सारतात. मला हे अन्यायाचे वाटते. गुरूच्या खुणा असलेली पाने जपली ती बऱ्याच अंशी याच हौशी बायांनी.

फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिसला क्रांती झाली. धनिक कुटुंबे शहर सोडून गेली आणि शिकवण्या आटल्या. क्षयाने खंगलेला शोपँ लंडनला गेला. तिथे दिवाणखान्यात तीन पियानो, दर धड्याला एक गिनी आणि न परवडणारे भाडे. काही बाया धडे घेऊन पैसे न देताच गावी निघून गेल्या. १७ ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसला तो वारला, वय ३९.

हा लंडनचा मजकूर वाचताना मी पुस्तक मिटले होते. वडिलांचा पगार काही महिने अडकला तेव्हा आईने मला सांगितले, ‘‘टीचरांना म्हण, पुढच्या महिन्यात देतो.’’ मी ते सांगितले नाही. लाज वाटली. तीन महिने फुकट शिकलो आणि मग जाणेच बंद केले. टीचर वाटेत भेटल्या की विचारीत, ‘‘बोटे दुखत नाहीत ना रे?’’ फीचा शब्द त्यांनी कधीच काढला नाही. मला नोकरी लागली तेव्हा त्या लेकीकडे परदेशी गेल्या होत्या. नंतर तिकडेच वारल्याचे कळले.

त्यांनी दिलेले धड्यांचे पुस्तक माझ्यापाशी आहे. स्वरांच्या डोक्यांवर त्यांनी पेन्सिलीने बोटांचे आकडे घातले आहेत; एका पानावर तारीख आणि ‘हळू’ एवढेच. ते मी आज सोबत आणले आहे. शिवण उसवली आहे, शेवटची दोन पाने सुटी आहेत. ग्रंथपालांनी ते दाखल करून घ्यावे, आणि देणगीदाराच्या रकान्यात माझे नाव न घालता टीचरांचे घालावे. ते मी त्यांना लिहून देतो.