काही नाही, साधंच



संध्याकाळी साडेसातचा सुमार. चाळीच्या गॅलरीत एकीनं दुसरीला विचारायचं, "काय केलंय आज?" आणि दुसरीनं पदराला हात पुसत म्हणायचं, "काही नाही, साधंच." १९७८ साली लग्न होऊन मी कऱ्हाडजवळच्या एका गावातून गिरगावातल्या चाळीत आले, तेव्हापासून हा प्रश्न आणि हे उत्तर ऐकत आले आहे. 'साधंच' म्हणणारी बाई लगेच आत जायची नाही. कठड्याला टेकून ती सांगायला लागायची की वालाचं बिरडं केलंय, वाल सोलता सोलता दुपार गेली, सासऱ्यांना दात नाहीत म्हणून जरा जास्त शिजवलंय. एवढं सगळं त्या एका 'साधंच'मध्ये असायचं.

आज मला त्या साध्या स्वयंपाकाबद्दल बोलायचंय. सणावारांच्या पक्वान्नांबद्दल आपण पुष्कळ बोलतो, लिहितो. पण पुरणपोळी वर्षातून चार-पाच वेळा होते आणि रात्रीची चूल तीनशे पासष्ट दिवस पेटते. त्या रोजच्या जेवणावर माणूस वाढतो, आणि त्याच्याविषयीच आपण गप्प असतो, याचं मला वाईट वाटतं.

आमच्या मजल्यावर सहा बिऱ्हाडं होती. कुणी मालवणकडचं, कुणी जळगावचं, एक कुटुंब कारवारकडचं. मी सातारी. माझ्या बिऱ्हाडातली पहिलीच संध्याकाळ होती. शेजारच्या वहिनींनी झाकण ठेवलेली एक वाटी आणून दिली. आत तपकिरी, पातळ, लसणीच्या वासाचं काहीतरी होतं. "पिठी आहे, भातावर घे," म्हणाल्या. पहिला घास घेतला आणि मला ओळखीची चव लागली. सकाळी मी दारातूनच ओरडले, "वहिनी, अहो, हा तर हुलगा!" त्यांना हुलगा ठाऊक नव्हता आणि मला कुळीथ ठाऊक नव्हते. दोन्ही एकच.

आमच्याकडे हुलगे भरडून बैलांना घालत आणि थंडीत माणसांसाठी त्यांचं माडगं नाहीतर शेंगोळी करत. वहिनींकडे तेच कडधान्य मंद आचेवर खमंग भाजायचं, भरडून, पाखडून सालं काढायची आणि मग पीठ करून डब्यात भरून ठेवायचं. भाजीला काही नसेल, पावसानं बाजार बंद असेल, मासळी नसेल, तर पिठी. तेलात ठेचलेली लसूण चांगली लाल होऊ द्यायची, हिरवी मिरची, पाणी, मीठ, दोन-तीन आमसुलं. गार पाण्यात कालवलेलं पीठ त्यात एका हातानं सोडायचं आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. "लसूण लाल झाल्याशिवाय पाणी ओतायचं नाही," हे वहिनींनी मला तीनदा बजावलं. मऊ भात, त्यावर ही पिठी, शेजारी भाजलेला पापड. आजही पावसाच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे हेच होतं.

शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, हे कुणी शिकवावं लागत नाही. दोन दिवसांनी मी त्या वाटीतून शेंगोळी पाठवली. हुलग्याच्या पिठात लसूण, तिखट, मीठ घालून घट्ट मळायचं, हातावर लांबट वळून वेटोळी करायची आणि लसणीच्या उकळत्या पाण्यात शिजवायची. वहिनींचे सासरे आयुष्यभर कुळथाची पिठी जेवलेले. त्यांनी वाटी संपवली आणि माझ्या सासऱ्यांना बोलावून घेऊन विचारलं, हे तुमच्याकडं कुठल्या महिन्यात करतात. त्याआधी एका मजल्यावर राहूनही दोघांचं बोलणं फारसं नव्हतं.

मराठीत पाककृतींची पुस्तकं कमी नाहीत. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० साली निघालं. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली आणि ती घराघरांत पोचली. माझ्या रुखवतातही होती. तिची पानं आता हळदीनं पिवळी झाली आहेत. कमलाबाईंनी मापं दिली ती वाटी-चमच्यांत, आणि मला ती फार मोठी गोष्ट वाटते. ज्या वाटीतून शेजारी पाठवायचं, त्याच वाटीनं मोजायचं. नव्यानं संसार मांडणाऱ्या मुलीला त्यानं केवढा धीर आला असेल, हे मी माझ्यावरून सांगू शकते.

तरी काही गोष्टी माणसाकडूनच मिळतात. भाकरीचंच घ्या. खालच्या मजल्यावर एक मावशी राहायच्या. माणदेशातल्या, यजमान गिरणीत. एका संध्याकाळी माझी भाकरी काही केल्या थापली जाईना. कडांना चिरा पडत होत्या, उचलायला गेलं की परातीतच दोन तुकडे. मावशी कशाला तरी वर आल्या होत्या. त्यांनी पीठ चिमटीत घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "दळून लई दिस झाले. विरी गेली पिठाची. आधण ठेव." उकळतं पाणी पिठात घालून उलथन्याच्या दांड्यानं ढवळलं, जरा झाकून ठेवलं आणि हाताला सोसेल इतकं निवाल्यावर रगडून रगडून मळलं. भाकरी सरळ तव्यावर गेली आणि टम्म फुगली.

मग तिथंच, स्टोसमोर बसून त्या बहात्तरच्या दुष्काळाचं बोलल्या. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला मिलो म्हणत. त्या मिलोची भाकरी थापणं म्हणजे परीक्षा. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, तिथं सुकडी मिळायची ती पोरांसाठी पदरात बांधून आणायची आणि रात्री सात माणसांची भाकरी करायची. हाताला फोड आलेले, त्यात गरम उकड मळायची. सोबत मिरची-मिठाचा गोळा. "भाकर मोडली तर सासू एरवी बोलायची," मावशी म्हणाल्या. "त्या साली मोडल्या भाकरीला कुणी नाव ठेवलं नाही."

माण माझ्याच जिल्ह्यात. पण आमच्या कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा संगम. बहात्तरला मी शाळेत होते आणि दुष्काळ माझ्यापर्यंत आला तो मोठ्यांच्या बोलण्यातून. माझ्याच जिल्ह्यातली ती रात्रीची जेवणं मला गिरगावात, एका मोडलेल्या भाकरीमुळं समजली. पुढं कितीतरी वर्षं मावशींना मी ताईसारखं मानलं. त्यांच्याकडून मी आणखी पुष्कळ शिकले, पण ती संध्याकाळ वेगळीच.

चाळ सोडून आम्ही ठाण्याला आलो. इथं स्वयंपाकघराला एक्झॉस्ट फॅन आहे, शेजारी काय शिजतंय त्याचा वास येत नाही. पहिली दोन वर्षं मला संध्याकाळ खायला उठायची. मग मीच लिफ्टमध्ये, खाली बाकावर, भेटेल तिला विचारायला लागले, "काय केलंत आज?" सुरुवातीला बायका संकोचायच्या. "काही विशेष नाही हो, मुगाची खिचडी." मी विचारायची, सालाची की बिनसालाची? मिरं घालता का? एवढं विचारलं की बोलणं सुरू व्हायचं. खिचडी करत नाही असं घर मला अजून भेटलेलं नाही, आणि दोन घरांची सारखी खिचडीही भेटलेली नाही.

आमच्या इमारतीत नोकरीसाठी आलेली तीन मुलं एकत्र राहतात. त्यांच्यातला एक नांदेडकडचा. मला काकू म्हणतो. एकदा मी पिठलं दिलं तर वाटी परत करताना तो हळूच म्हणाला, "काकू, छान होतं. पण आमची आजी गाठी मोडत नाही." मी त्याला आत बोलावलं आणि करून दाखव म्हटलं. कांदा-मिरचीच्या फोडणीत पाणी उकळलं की त्यानं कोरडं बेसन वरून सोडलं, ढवळलं नाही, झाकण ठेवून आच बारीक केली. वाफ काढून उलथन्यानं जेमतेम एकदा हलवलं. गाठी बाहेरून ओल्या, आत खमंग. भाकरीच्या तुकड्यावर एकेक गाठ घेऊन खायची. चाळीस वर्षं मी पिठल्यातल्या गाठी हातानं मोडत आले होते, सासूबाईंनी तसंच शिकवलं म्हणून. मला ते पिठलं मनापासून आवडलं, आणि आता मी दोन्ही करते. मुलगाही रात्रीचा स्वयंपाक करतो आणि आजीची रीत दुसऱ्याला सांगतो, याचा मला किती आनंद झाला!

माझी मुलगी बंगळुरूला असते. कामावरून यायला तिला साडेआठ होतात. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला तो ओट्यावरूनच. पलीकडे कढईचा आवाज येत होता. "आई, पिठल्यात गाठी झाल्या. सगळं फेकू का?"

"अजिबात नको," मी म्हटलं. "आच बारीक कर आणि झाकण ठेव. ढवळू नकोस."

झाकण ठेवल्याचा आवाज आला. वाफ येईपर्यंत तिनं फोन तसाच चालू ठेवला आणि मला विचारलं, "तू काय केलंस आज?"