खेळातील वस्तूंची मालकी

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. व्हिडिओ गेममधील तलवार, मोटार अथवा एखादा काल्पनिक प्राणी कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न शाळा आणि ग्रामपंचायत चालविणाऱ्या मंडळींपुढे कशासाठी? कारण एवढेच की, वस्तू काल्पनिक असल्या तरी त्यांच्यापोटी मोजला जाणारा पैसा खरा असतो, आणि मुलांच्या बाबतीत तो पालकांचा असतो.

सर्वसाधारण खेळात विकत घेतलेली वस्तू कंपनीच्या संगणकात असते. खेळाडूस मिळतो तो केवळ वापराचा परवाना. खाते बंद झाले की तोही संपतो. या तक्रारीवर तोडगा म्हणून ब्लॉकचेन पुढे करण्यात आली. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही. तिचे प्रत्येक पान मागील पानाशी गणिताने बांधलेले असल्यामुळे जुनी नोंद गुपचूप खोडता येत नाही. या वहीत नोंद झाली म्हणजे खेळाडू खरा मालक झाला; वस्तू तो विकू शकेल, दुसऱ्या खेळातही नेऊ शकेल, असे पुरस्कर्ते सांगतात.

येथे नोंद आणि वस्तू यांत भेद करावयास हवा. केवळ फेरफाराच्या नोंदीने मालकी हक्क निर्माण होत नाही, हे महसूल खात्यातील मंडळींना ठाऊकच आहे. तरीही सातबाऱ्याला किंमत आहे, कारण त्यातील शेत दप्तराबाहेर उन्हापावसात पडलेले आहे. खेळातील तलवारीचे तसे नाही. नोंद वहीत राहते. पण तलवारीची धार आणि ती जेथे चालवावयाची ते रणांगण कंपनीच्याच संगणकात राहते. दुसऱ्या खेळात ती न्यावयाची तर तेथील निर्मात्याने ती नव्याने रेखाटून आपल्या नियमांत बसविली पाहिजे. दुसऱ्याने विकलेल्या मालासाठी हा खटाटोप तो का करील?

‘एफ-१ डेल्टा टाइम’ या मोटारशर्यतीच्या खेळातील एक मोटार मे २०१९ मध्ये एक लाख डॉलरहून अधिक किमतीस विकली गेली. पुढे शर्यतीचे नाव वापरण्याचा परवाना संपला आणि मार्च २०२२ मध्ये खेळ बंद झाला. नोंद शाबूत राहिली, धावपट्टी राहिली नाही. कंपनीने आपल्या अन्य खेळात बदली वस्तू देऊ केल्या, हे सांगणे न्यायाचे होईल. परंतु ते तिच्या मर्जीने, मालकाच्या हक्काने नव्हे.

दुसरे उदाहरण अधिक क्लेशकारक आहे. व्हिएतनाममधील स्काय मेव्हिस या कंपनीच्या ‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’ खेळात उतरण्यासाठी तीन काल्पनिक प्राणी लागत. २०२१ साली कोविडच्या काळात फिलिपीन्समधील अनेक बेकार माणसे पोटासाठी हा खेळ खेळू लागली. प्राणी महाग, तेव्हा शेत अर्धलीने द्यावे तसे धनिक लोक आपले प्राणी त्यांना देत व कमाईत वाटा घेत. या व्यवस्थेला नाव होते ‘शिष्यवृत्ती’! शिक्षक बंधु-भगिनींनी हे लक्षात ठेवावे. खेळून मिळणारे टोकन नवे प्राणी पैदा करण्यास खर्ची पडे. म्हणजे नवे गिऱ्हाईक येत राहील तोवरच त्याला मागणी. जुलै २०२१ मध्ये तीस सेंटांच्या वर गेलेले हे टोकन २०२२ च्या मध्यास एका सेंटच्याही खाली होते. कमाई आटताच खेळाडूही पांगले. यावरून खेळात मूळची गोडी किती होती याचा अंदाज येतो.

मार्च २०२२ मध्ये या खेळाच्या नोंदवहीवर दरोडा पडला. व्यवहारास मंजुरी देणाऱ्या नऊ किल्ल्यांपैकी पाच पुरेशा होत्या, आणि त्यांतील चार एकट्या कंपनीकडे होत्या. चोरांनी पाच मिळविल्या व साठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम नेली. सहा दिवस कोणास पत्ता नव्हता. पुढे कंपनीने भांडवल उभारून खेळाडूंची भरपाई केली. पण ‘कोणा एकाच्या हाती नसलेली वही’ किती थोड्या हातांत होती हे दिसून आले.

विक्रीची सोय हवी असेल तर तिला ब्लॉकचेन लागतेच असेही नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळातील बंदुकांच्या रंगीत साजांची खरेदी-विक्री स्टीम या बाजारपेठेवर २०१३ पासून होते, ती कंपनीच्या साध्या नोंदवहीवर. त्याच स्टीमने ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्लॉकचेनवरील टोकनांच्या खेळांना दार बंद केले. संग्राहकाला अस्सलपणाची पावती मिळते, हा लाभ मी मान्य करतो. खेळाला त्याहून अधिक काही मिळाल्याचे मला दिसत नाही.

एका गैरसमजाविषयी सांगतो. आपल्या देशात १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के आयकर लागू झाला; एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा होत नाही. सरकार कर घेते, त्या अर्थी मालकी पक्की, असे तरुण मुले म्हणतात. ग्रामपंचायत सदस्यांनी त्यांना नमुना ८ दाखवावा. अतिक्रमणातील घराचीही आकारणी होते, घरपट्टीची पावती मिळते, आणि जागा मात्र त्या पावतीने घरमालकाची होत नाही.