दहा बाय दहाच्या खोलीतला आवाज



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलावयास उभा राहिला, की तो बोनस, महागाई आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची खात्री असते. आज मी आपली थोडी निराशा करणार आहे. घरातल्या लहान खोलीत गाणे नीट ध्वनिमुद्रित व्हावे म्हणून त्या खोलीवर काय उपचार करावा, आणि तो आपल्याच हातांनी कसा करावा, हा माझा आजचा विषय आहे.

विषय शौकीन लोकांचा वाटतो, पण आता तो तसा राहिलेला नाही. नालासोपारा-विरारच्या चाळींत आणि वसईच्या वाड्यांत एक संगणक, एक मायक्रोफोन आणि कानाला लावावयाचे हेडफोन एवढ्या भांडवलावर कामगारांची मुले गाणी करीत आहेत. कोणी रॅप म्हणतो, कोणी भजन, कोणी कादोडीतली लग्नाची गाणी. यंत्रे स्वस्त झाली. खोली मात्र दहा बाय दहाचीच राहिली. आणि ध्वनिमुद्रण बिघडते ते बहुतेक वेळा यंत्रामुळे नव्हे, तर खोलीमुळे. मग मुलगा बाजारातून फोमचे कंगोरेदार चौकोन आणतो, किंवा कोणी सांगितले म्हणून अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवितो. बापाच्या ओव्हरटाइमचे पैसे भिंतीला चिकटतात आणि घुमारा होता तसाच राहतो. हे असे का होते, ते समजून घेतले तर पैसेही वाचतील आणि काम साधेल.

पहिली गोष्ट अशी, की बाहेरचा आवाज आत येऊ न देणे आणि आतला आवाज घुमू न देणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. आपल्याकडे नव्वद टक्के गोंधळ या दोहोंची गल्लत केल्याने होतो. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट लागला. तो ज्या इंपीरियल कंपनीच्या स्टुडिओत तयार झाला, तो रेल्वेच्या रुळांजवळ होता. गाड्यांचा खडखडाट मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून अर्देशीर इराणींनी चित्रीकरणाचे पुष्कळसे काम रात्री, गाड्या थांबल्यावर केले. आपली सारी वस्ती तर पश्चिम रेल्वेच्या दोन्ही अंगांना पसरलेली. गाडीचा आवाज अडवावयाचा तर वजन लागते: वीट, काँक्रीट, जाड काच, चौकटीत घट्ट बसणारे दार. भिंतीचे वजन दुप्पट केले तर जेमतेम सहा डेसिबलचा फरक पडतो, आणि दाराखाली बोटभर फट राहिली तर तोही वाया जातो. याउलट आतला आवाज शोषणारी वस्तू हलकी आणि सच्छिद्र असते. जिच्यातून फुंकर आरपार जाते, तिच्यातून लोकलची शिट्टीही येणारच. तेव्हा मी पुढे सांगणार आहे त्या फलकांनी गाडी थांबणार नाही आणि शेजारच्या काकूंची तक्रारही मिटणार नाही. त्यासाठी इराणीशेठचा उपाय उत्तम: रात्री एकनंतर गा. अर्थात काकूंना आधी विचारून.

आता आतल्या आवाजाकडे वळू. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात फॉग म्युझियमचे नवे व्याख्यानगृह बांधले गेले आणि त्यात वक्त्याचे शब्दच कळेनात. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. हे दुरुस्त करण्याचे काम वॉलेस सॅबिन या सत्तावीस वर्षांच्या अध्यापकाकडे आले. त्याची साधने होती ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे यंत्र आणि स्वतःचे कान. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री उचलून आणी, मांडी, आवाज विरावयास किती वेळ लागतो ते मोजी आणि पहाटेपूर्वी गाद्या परत नेऊन ठेवी. त्यातून त्याला नियम सापडला: खोलीचे घनफळ जितके जास्त तितका घुमारा लांब, आणि शोषणारा पृष्ठभाग जितका जास्त तितका घुमारा आखूड. एका विद्येची सुरुवात उचलून आणलेल्या गाद्यांनी झाली, हे मला फार आवडते.

हा हिशेब आपल्या खोलीला लावून पाहू. दहा फूट लांब, दहा रुंद, नऊ उंच, म्हणजे सुमारे साडेपंचवीस घनमीटर. भिंती, छत आणि फरशी मिळून बावन्न चौरस मीटर. पण प्लास्टर आणि लादी आवाजाचा शेकडा दोन-तीन भागच शोषतात. म्हणजे रिकाम्या खोलीत घुमारा जवळजवळ तीन सेकंद. आता चार फूट बाय दोन फुटांचे चांगले जाड आठ फलक लावले, तर तोच घुमारा साधारण ०.६ सेकंदावर येतो. लहान खोलीत हे गणित काटेकोर लागू पडत नाही, हे खरे. पण दिशा बरोबर दाखविते. सगळी भिंत मढविण्याची गरज नाही. आठ फलक म्हणजे एकूण पृष्ठभागाचा आठवा हिस्सासुद्धा नव्हे.

परंतु ‘जाड’ या शब्दावर माझा सारा भर आहे, आणि त्याचे कारण विरार लोकलच्या डब्यात सापडेल. गर्दीच्या वेळी जो माणूस डब्याच्या पत्र्याला चेपून उभा असतो, त्याच्यावर दाब सर्वांत जास्त. पण त्याला तसूभर हलता येत नाही. मधे उभे असलेले प्रत्येक हिसक्याला पुढेमागे झुलतात. हवेचेही असेच आहे. भिंतीला टेकलेली हवा दाबली जाते, पण हलत नाही. आणि लोकरीसारखी वस्तू आवाज शोषते ती हलणारी हवा तंतूंत घासून, त्या घर्षणाची किंचित उष्णता करून. जी हवा हलतच नाही ती घासणार कशी? हवेची हालचाल सर्वांत जास्त असते ती भिंतीपासून पाव तरंगलांबी अंतरावर. सेकंदाला हजार आवर्तनांच्या स्वराला हे अंतर साडेआठ सेंटिमीटर. पुरुष गायकाचा काळी एकचा षड्ज सुमारे १३९ आवर्तनांचा. त्याला ते दोन फुटांहून अधिक. आता भिंतीला चिकटविलेला एक इंचाचा फोम काय करील? वरच्या पट्टीतली खणखण तेवढी खाईल आणि खालचे सारे सोडून देईल. आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा लागतो, तो यामुळे. अंड्यांचे ट्रे तर तेवढेही करीत नाहीत.

तेव्हा फलक असा करावा. कारखान्यात बॉयलरच्या नळ्यांना आणि वातानुकूलनाच्या डक्टांना गुंडाळतात ती रॉकवूल, तिचे ५० मिलिमीटर जाडीचे, घनमीटरला ४८ किलो घनतेचे स्लॅब घ्यावेत. स्लॅब आधी आणावेत आणि ते मोजून मग लाकूड कापावे. उलट केले की चौकटी फुकट जातात. चार इंच खोल चौकटीत एकावर एक दोन स्लॅब बसवावेत. चौकट आतून अर्धा सेंटिमीटर लहान ठेवली तर स्लॅब खिळ्यांशिवाय घट्ट बसतो. लोकर भरते साडेतीन किलोच्या आसपास, म्हणजे दोन हुकांवर फलक सहज टांगता येतो. पाठीमागे पातळ सुती कापड, पुढे गोणपाट किंवा कोणतेही विरळ विणीचे कापड. कसोटी एकच: कापडाला तोंड लावून फुंकावे, फुंकर गेली तर आवाज जाईल. रेक्झीन कामाचे नाही. आणि भिंतीपासून फलक दोन इंच पुढे टांगावा. ती मोकळी हवा म्हणजे फुकटची जाडी. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तिला वारा लागतो आणि गोणपाटाला बुरशी धरत नाही.

वालीव-सातिवलीच्या गाळ्यांबाहेर पॅकिंगच्या पेट्यांचे लाकूड मिळते, ते चौकटीला छान. मात्र त्यावरचा शिक्का पाहावा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून कीडमुक्त केलेले, ते घ्यावे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. ते घरात आणू नये.

फलक लावावयाचे कोठे? मायक्रोफोनचे तोंड गायकाकडे असते, म्हणजेच गायकाच्या पाठीमागच्या भिंतीकडे. म्हणून पहिले दोन फलक गायकाच्या पाठीशी, मग दोन्ही बाजूंना. ऐकण्याच्या जागेसाठी जुनी युक्ती आहे. आपण बसावे आणि दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवावा. जेथे आरशात स्पीकर दिसेल तेथे फलक.

खर्जाचे काम वेगळे. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५७ आवर्तनांचा स्वर अडकून बसतो. खोली चौरस असली की लांबीत आणि रुंदीत तोच स्वर अडकतो, म्हणजे दुखणे दुप्पट. एका जागी डग्गा गडगडतो, चार फूट सरकले की नाहीसा होतो. म्हणून ऐकावयास खोलीच्या बरोबर मध्यावर कधी बसू नये. या सर्व स्वरांचा दाब कोपऱ्यांत गोळा होतो, तेव्हा कोपऱ्यात आडवा दोन फुटी फलक जमिनीपासून छतापर्यंत लावावा आणि मागची त्रिकोणी पोकळी लोकरीने भरावी. इंग्रजीत याला बेस ट्रॅप म्हणतात. आपण खर्जाचा सापळा म्हणू. आता आमच्या खोल्यांत चारही कोपरे मोकळे असतात कोठे? एकात कपाट, एकात पाण्याचे पिंप. पण भिंत आणि छत मिळतात तोही कोपराच आहे, आणि तेथे बहुधा पोटमाळा असतो. माळ्यावर अंथरुणाच्या कापसाच्या गाद्या भिंतीपर्यंत रचून ठेवल्या, तर त्या आवाजाचेही काम करतात. ज्याच्याजवळ लोकरीपुरतेही पैसे नाहीत, त्याने आजीच्या दोन वाकळी दुमडून, भिंतीपासून वीतभर पुढे दोरीवर टांगाव्यात. खर्ज सुटेल, पण एक इंची फोमपेक्षा त्या सरस.

फोमविरुद्ध माझे दुसरे म्हणणे अधिक गंभीर आहे. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात ‘द स्टेशन’ नावाच्या नाइट क्लबात रंगमंचावरच्या शोभेच्या दारूची ठिणगी भिंतीवरच्या पॉलियुरेथेन फोमला लागली. विषारी काळ्या धुराने पाहता पाहता सारे सभागृह भरले आणि शंभर माणसे मेली. आमच्या खोलीला दार एक, खिडकीला लोखंडी जाळी, आणि त्याच खोलीत गॅसची शेगडी. रॉकवूल जळत नाही. वरचे कापड मात्र जळते, म्हणून फलक स्विचबोर्डापासून दूर ठेवावा.

लोकर कापताना नाकाला मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि नंतर झाडू नव्हे, ओले फडके. तिचे तंतू कातडीला खाजवितात आणि घशाला झोंबतात. अॅस्बेस्टॉसइतकी ती घातक नाही. अॅस्बेस्टॉस कर्करोग करतो, हे निर्विवाद आहे. जुन्या नळ्यांवरून सोललेले लॅगिंग फुकट मिळते म्हणून कोणी घरी आणू नये. त्या कामगारांच्या आरोग्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली मान्य केला. परंतु रॉकवूल गुंडाळणारे कंत्राटी मजूर तोंडाला रुमाल बांधून दिवसभर काम करतात, हे मी आजही पाहतो. घरी तासाभराच्या कामाला आपण मास्क घेणार, तर त्यांना आठ तासांना तो का नसावा?

आणि ज्या बापाच्या पैशांतून हे फलक झाले, तो पत्र्याच्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर उभा असतो. कारखाना कायद्याखालच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा होती, आणि आवाजाने आलेले बहिरेपण हा त्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदविलेला रोग होता. मुलाने केलेले गाणे या माणसाला नीट ऐकू येत नाही, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. पत्र्याखाली असेच फलक ओळीने टांगले, तर शेडचा घुमारा उतरतो आणि दूरच्या बाकावर जुळणी करणाऱ्या बायकांना आराम पडतो. प्रेसवाल्याला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. कारण त्याच्या कानावर आवाज भिंतीवरून येत नाही, सरळ यंत्रातून येतो. त्याच्यासाठी यंत्राभोवती जड पेटी पाहिजे, पायाखाली रबर पाहिजे, आणि ते होईपर्यंत कानाला संरक्षण पाहिजे. मालक एखाद्या वेळी फलक टांगावयास तयार होतो, कारण ते स्वस्त असतात आणि पाहुण्यांना दाखविता येतात. म्हणून आम्ही मागणीपत्रात ही दोन कलमे वेगवेगळी लिहितो, आणि एकाच्या बदल्यात दुसरे सोडीत नाही.