औषध नेमके कोठे पोहोचावे?

(हीरक महोत्सवी समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



परप्रांतातील या मराठी शाळेत आमच्या सरांनी आम्हांला तंतुकणिका शिकवल्या. ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ एवढे लिहिले की एक गुण मिळे. पुढे मी किरणोपचारतज्ज्ञ झालो आणि तेच सर घशाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी माझ्यासमोर येऊन बसले. गाठ नाहीशी झाली. पण लाळग्रंथी सुकल्या. जन्मभर खड्या आवाजात शिकवणाऱ्या सरांना दर वाक्यानंतर पाण्याचा घोट घ्यावा लागे. रोगाबरोबर निरोगी पेशीही का होरपळाव्यात, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे.

किरण पेशीतील डीएनएवर आघात करतात, तसेच पाण्याचे रेणू फोडून मुक्त मूलक निर्माण करतात. या माऱ्यातून तंतुकणिकाही सुटत नाहीत. त्यांच्या आतील पटलात कार्डिओलिपिन नावाचा मेद असतो. तो सायटोक्रोम सी या प्रथिनाला धरून ठेवतो. या मेदाचे ऑक्सिडीकरण झाले, की प्रथिन सुटून बाहेर पडते आणि पेशीच्या मृत्यूची प्रक्रिया सुरू होते. पेशीला ऊर्जा पुरवणारी जागाच तिच्या मरणाचीही सूत्रे हलवते, हे आमच्या एका गुणाच्या उत्तरात नव्हते.

लाळग्रंथींच्या रक्षणासाठी ॲमिफॉस्टिन हे औषध आहे. पण ते किरणांपूर्वी द्यावे लागते, त्याने मळमळ होते, रक्तदाब घसरतो. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. सोव्हिएत रशियात १९४२ मध्ये सापडलेले ग्रामिसिडिन एस हे प्रतिजैविक जिवाणूंच्या पटलाला चिकटते. तंतुकणिका तर प्राचीन जिवाणूंच्याच वंशज. त्यांच्या पटलात ते साम्य आजही आहे. म्हणून या प्रतिजैविकाच्या एका तुकड्याच्या धर्तीवर त्यांनी वाहक घडवला आणि त्याला मूलकांना शमवणारा नायट्रॉक्साइड जोडला. ‘जेपी४-०३९’ हे असेच एक संयुग. किरणोत्सारानंतर दिल्यावरही त्याने उंदरांचे जगण्याचे प्रमाण वाढवले. औषध किती दिले, याइतकेच ते कोठे पोहोचले, यालाही महत्त्व आहे, हा यातला धडा.

मात्र उंदरापासून रुग्णापर्यंतची वाट लांब असते. निरोगी पेशींबरोबर कर्करोगाच्या पेशीही वाचल्या, तर उपचारच वाया जातील. म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती आहे : घरात कोणावर किरणोपचार चालू असतील, तर ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या किंवा चूर्णे डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नका.

सर आज आपल्यात नाहीत. अखेरच्या भेटीत मी त्यांना हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, “हे शाळेत जाऊन मुलांना सांग. मी अर्धेच शिकवले होते.”

ते उरलेले अर्धे सांगण्यासाठी मी आज आलो.