जहाल, मवाळ आणि सरकणारा मध्य

(बमरोली, सुरत येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बमरोलीपासून जुनी सुरत फारशी दूर नाही. उधना, पांडेसरा, बमरोली हा पट्टा आज यंत्रमागांचा आणि कापडाच्या रंगाई-छपाईचा. त्याचबरोबर पोटापाण्यासाठी खानदेशातून आलेल्या असंख्य मराठी कुटुंबांचाही. मराठी माणसाचे सुरतेशी असलेले नाते सांगताना शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांचा उल्लेख हटकून होतो. डिसेंबर १९०७ मधील प्रसंग मात्र सहसा कोणाच्या ओठी येत नाही. त्या प्रसंगात तलवार नव्हती. एक दक्षिणी जोडा होता.

राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, ते अधिवेशन वास्तविक नागपुरास भरावयाचे होते. तेथे टिळकपक्षाचे बळ वाढलेले पाहून फेरोजशहा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सुरतेस नेले. सुरत मुंबई इलाख्यात; आणि यजमान प्रांताचा गृहस्थ अध्यक्ष होत नाही हा संकेत. त्यामुळे टिळकांच्या अध्यक्षपदाची वाट आपोआप बंद झाली. वाद वरकरणी अध्यक्षाच्या निवडीचा होता. रासबिहारी घोष यांचे नाव एका बाजूने पुढे आले आणि मंडालेहून नुकत्याच सुटून आलेल्या लाला लजपतराय यांचे दुसऱ्या. खरा वाद मात्र १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनाने दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली संमत केलेल्या ठरावांचा होता. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या चार ठरावांना सुरतेत पाणी घातले जाणार, अशी टिळकपक्षाची खात्री झाली होती. येथे एक मौज ध्यानात घेण्याजोगी आहे. वर्षापूर्वी सर्वांनी मिळून, तडजोडीने, जे संमत केले होते, त्याचेच जसेच्या तसे रक्षण करू म्हणणारा वर्षभरात जहाल ठरला होता.

२६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्षांच्या सूचनेला अनुमोदन देण्यास उभे राहिले आणि गोंगाटामुळे सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी टिळक उपसूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर गेले. परवानगी नाकारली गेली तरी ते हलेनात. एवढ्यात प्रेक्षकांतून एक जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथांना लागून फेरोजशहांवर जाऊन आदळला. मग खुर्च्या आणि काठ्या. त्या धुमाळीत टिळकांच्या अंगावर लोक धावून येत असता गोखले दोन्ही हात पसरून त्यांच्या आड उभे राहिले, असे तेथे हजर असलेल्या हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने नमूद करून ठेवले आहे. राजकीय वैराच्या इतिहासात असे क्षण फार थोडे.

या दोन पक्षांना मराठीने दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. गोखले-मेहतांच्या बाजूचे लोक स्वतःस नेमस्त म्हणवीत. नेमस्त म्हणजे नेमाने, मर्यादेने चालणारा. शब्दात प्रतिष्ठा आहे. विरोधकांनी त्यांना मवाळ केले. मवाळ म्हणजे मऊ. तेथे मर्यादेचे रूपांतर दुबळेपणात झाले. टिळकांचा पक्ष स्वतःस राष्ट्रीय पक्ष म्हणवी आणि लोक त्याला जहाल म्हणत. ज्या भाषेत जहाल हे विशेषण विषालाही लागते, त्या भाषेत तो शब्द अभिमानाने मिरवला जाऊ लागला, यातच सामान्य जनांचा कल कोठे झुकत होता ते दिसते. पुढे नेमस्तांनी प्रागतिक असे नवे नाव घेतले, परंतु मवाळ हा शिक्का पुसला गेला नाही.

या शब्दांचे मर्म टिळकांना सुरतेच्या आधीच उमगले होते. २ जानेवारी १९०७ रोजी कलकत्त्यात नव्या पक्षाची तत्त्वे सांगताना त्यांनी स्पष्ट केले की ही दोन्ही नावे काळाशी बांधलेली आहेत. आजचा जहाल उद्याचा मवाळ होईल आणि आजचे मवाळ हे कालचे जहालच होते. सभा स्थापन झाली तेव्हा दादाभाईंचे जे विचार जहाल गणले गेले, तेच आता मवाळ म्हणून चालतात, असा दाखलाही त्यांनी दिला. अमेरिकेत जोसेफ ओव्हर्टन या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या अखेरीस लोकमान्य मतांची जी सरकती खिडकी कल्पिली आणि जी त्याच्या २००३ मधील मृत्यूनंतर त्याच्याच नावाने प्रसिद्ध झाली, तिच्यातील बरेचसे सार या भाषणात आधीच आलेले आहे.

सुरतेच्या कापडबाजारात वावरणाऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. पहिला सांगितलेला भाव कोणी देत नाही. पण पुढची सारी घासाघीस त्याच्या आसपास होते. फरक इतकाच की बाजारात घासाघीस चालली आहे हे दोघांनाही ठाऊक असते. राजकारणात ऐकणारा ते विसरतो आणि दोन टोकांच्या मधली किंमत हीच प्रामाणिक किंमत, असे धरून चालतो.

तथापि, टोक ताणले की मध्य आपोआप सरकतो, असे मात्र नाही. सुरतेनंतरची सहा-सात वर्षे याची साक्ष देतात. एप्रिल १९०८ मध्ये मुझफ्फरपुरास बाँब फुटला. बाँबवरील लेखांबद्दल त्याच वर्षीच्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेस झाली. मोर्ले आणि मिंटो यांचे धोरण नेमस्तांना आपल्या बाजूस ओढून घेण्याचे होते. त्यांनी १९०९ चा सुधारणा कायदा दिला; त्यात कौन्सिले मोठी झाली, खरी सत्ता आली नाही, आणि विभक्त मतदारसंघ तेवढे पदरी पडले. जहालांच्या भीतीमुळे नेमस्तांची किंमत वाढली हे खरे. पण ती सरकारदरबारी वाढली, लोकांत नाही. जहालांवाचून भरणारी राष्ट्रीय सभा त्या काळात निस्तेज होत गेली.

मध्य हलला तो पुढे. जून १९१४ मध्ये टिळक सुटले, महायुद्ध सुरू झाले, १९१५ मध्ये गोखले आणि मेहता दोघेही निवर्तले. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावास होमरूल लीग स्थापन झाली आणि तिचा संदेश मराठी गावोगाव गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लखनौस दोन्ही पक्ष पुन्हा एका मंडपात बसले. २० ऑगस्ट १९१७ रोजी माँटेग्यूंनी जबाबदार राज्यपद्धतीचे ध्येय जाहीर केले. सुरतेच्या दंगलीनंतर २८ डिसेंबर १९०७ रोजी नेमस्तांनी वेगळी बैठक घेऊन साम्राज्यांतर्गत स्वराज्याचे, सनदशीर मार्गाने मिळवावयाचे जे ध्येय स्वीकारले होते, त्याच्याच दिशेचे हे पाऊल. म्हणजे नेमस्तांचा शब्द सरकारच्या तोंडी आला, आणि नेमका तेव्हाच नेमस्तांचा श्रोता उठून गेला. नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांनी मुंबईस आपली वेगळी परिषद भरवली, तिचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी.

सुरेंद्रनाथांचे चरित्र या दृष्टीने करुण आहे. १८८३ मध्ये न्यायालयाच्या बेअदबीबद्दल तुरुंगात गेलेला, वंगभंगाच्या चळवळीत बंगालचा मुकुटहीन राजा म्हणवला गेलेला हा पुरुष १९२१ मध्ये सरकारी किताब घेऊन मंत्री झाला आणि १९२३ च्या निवडणुकीत विधानचंद्र रॉय या राजकारणातील नवख्या डॉक्टरकडून पराभूत झाला. त्यांनी मते बदलली असे त्यांचे विरोधक म्हणत. वास्तविक ते बरेचसे होते तेथेच उभे होते. पायाखालची जमीन पुढे निघून गेली होती.

टिळकांचे भविष्य टिळकांनाही चुकले नाही. १९१९ च्या अमृतसर अधिवेशनात त्यांनी प्रतियोगी सहकारितेचा पक्ष मांडला आणि एप्रिल १९२० मध्ये कौन्सिलांत जाऊन काम करणाऱ्या पक्षाचा जाहीरनामा काढला. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले. असहकाराच्या चळवळीचा प्रारंभही त्याच दिवशीचा. केसरीची धुरा वाहणारे न. चिं. केळकर पुढच्या दशकात तीच सहकारिता सांगत राहिले आणि गांधीपक्षाच्या दृष्टीने मवाळ ठरले. १९२९ मध्ये लाहोरास पूर्ण स्वातंत्र्याचे ध्येय स्वीकारले गेले. १९३८ मध्ये याच सुरत जिल्ह्यात, हरिपुऱ्यास, सुभाषचंद्र बोस अध्यक्ष झाले, तेव्हा गांधीजींच्या निकटवर्तीयांकडे सावधपणाचा आरोप ठेवून पाहणारी नवी पिढी उभी राहिलेली होती. सुरत ते हरिपुरा हे अंतर थोड्या कोसांचे आणि तीस वर्षांचे.

येथवरची कथा सुखावह आहे, कारण जमीन ज्या दिशेने सरकली ती दिशा आज सर्वांना मान्य आहे. पण तीच ताकद उलट दिशेनेही लागते, आणि तिचे उदाहरणही पुण्याचेच आहे. १८८७ पासून सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपातच भरत असे. त्यात कोणास काही वावगे दिसत नव्हते. १८९५ मध्ये अधिवेशन पुण्यास आले तेव्हा टिळकांच्या बाजूने या प्रथेला असा कडवा विरोध झाला की न्यायमूर्ती रानड्यांनी परिषद अन्यत्र नेली. त्यांनी कलह टाळला. त्याचा परिणाम असा झाला की कालपर्यंत जी नित्याची गोष्ट होती, तीच दुसऱ्या दिवसापासून आगाऊपणाची ठरली. त्याच वर्षी जूनमध्ये आगरकर वारले होते. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहणाऱ्या या माणसाच्या जहाल लेखणीमुळे रानडे-भांडारकर सौम्य भासत. ती थांबल्यावर टोकाला रानडेच उरले. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्यात मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेण्यावरून केवढे रण माजले! १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय चौदा ठरवले, तेव्हा बारा वर्षांचे समर्थन करणारा सुधारक कोणी शोधूनही सापडला नसता.

मंडपाबाहेर गेलेला प्रश्न राष्ट्रीय सभेच्या आत यायला बावीस वर्षे लागली. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या खटपटीने अस्पृश्यवर्गावरील जाचक निर्बंध दूर करावेत असा ठराव १९१७ च्या कलकत्ता अधिवेशनात झाला. मार्च १९१८ मध्ये मुंबईस सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यतानिवारण परिषद भरली. टिळक तेथे आले आणि देवाला अस्पृश्यता चालत असेल तर त्या देवालाच आपण मानणार नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. मग वैयक्तिक आचरणात अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या घेण्यात आल्या. त्यावर टिळकांची सही नव्हती. व्यासपीठावरून तसे बोलणे तोवर सर्वमान्य झाले होते. सही करणे अद्याप जहालांचे काम होते.